इंदूरच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांना खुलं पत्र: यंदा फायनल इयरला एक भिंत बनवू द्या

इंदूरमधल्या सगळ्या इंजिनियरिंग कॉलेजांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातल्या सर आणि मॅडम लोकांना नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय कारण तुमच्यातले बरेच जण रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरकडचे आहेत हे मला माहितीय, आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना स्टाफरूममधलं कोणीतरी वाचून दाखवेलच. मी आरएफवाला, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीवाला माणूस, अँटेना आणि पीसीबी (सर्किटचे छापील बोर्ड) हेच काम. नोकरीपायी बरीच वर्षं बाहेर काढली, आता परत इंदूरला आलोय आणि अधूनमधून तुमच्याकडे व्हायवाला एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) म्हणून येतो, चहा-समोसा तुम्ही चांगला देता त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती प्रोजेक्टबद्दल. दर वर्षी तेच. लाइन फॉलोअर, स्मार्ट डस्टबिन, घामानं ओला झालेला शर्ट घालून उभा असलेला मुलगा आणि त्याच्यासमोर एक अल्ट्रासॉनिक सेन्सर लावलेली आंधळ्यांची काठी. विचारलं की हा सेन्सर अंतर कसं मोजतो तर उत्तर येतं, "सर, लायब्ररी आहे," म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला तयार कोड. पुढे काही विचारायची सोयच नाही, कारण प्रोजेक्ट कुठून आलाय हे मलाही माहितीय, तुम्हालाही माहितीय आणि त्या मुलाच्या बापाला तर सगळ्यात जास्त माहितीय कारण पैसे त्यानं दिलेत. फाइल स्पायरल बाइंड, शेवटच्या स्लाइडवर "अ‍ॅक्युरसी ९८ टक्के", आणि कशाची अ‍ॅक्युरसी, कशाशी ताडून बघितली, ते कोणालाच सांगता येत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की यंदा प्रत्येक विभागानं निदान एका ग्रुपला रेडिओ लहरींनी खोली बघायचं काम द्यावं. खोली म्हणजे डेप्थ, समोरची कुठली वस्तू किती लांब आहे त्याचा नकाशा. आणि तो कॅमेऱ्यानं नाही, लायडारनं (लेझरनं अंतर मोजणाऱ्या यंत्रानं) नाही, तर वायफायच्या फ्रिक्वेन्सीवर, भिंतीवर लावलेल्या एका बोर्डाच्या मदतीनं. या बोर्डाला जगभर रीकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस म्हणतात, लोक आरआयएस म्हणून मोकळे होतात. नाव भारी आहे, आत बघाल तर पीसीबीवर तांब्याचे चौकोन, प्रत्येक चौकोनाला एक पिन डायोड, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच, बस. डायोड चालू केला की त्या चौकोनावरून परत जाणाऱ्या लहरीची फेज, म्हणजे लहर आपल्या चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, बदलते, बंद केला की वेगळी. दोन अवस्थांमधे १८० अंशांचा फरक पडेल असं डिझाइन केलं की झाला एक-बिटचा सरफेस. बोर्ड स्वतः काही ट्रान्समिट करत नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही, दुसरीकडून आलेली लहर फक्त कुठे वळवायची ते ठरवतो.

कशी वळते, तर गणपती विसर्जनाला राजवाड्याच्या कोपऱ्यावर लेझीमची रांग वळताना बघितलीय ना, आतल्या टोकाची मुलगी जवळजवळ जागच्या जागी आणि बाहेरच्या टोकाची लांब ढांगा टाकत, कोणी कोणाला ढकलत नाही तरी अख्खी रांग वळते. प्रत्येक चौकोनानं आपल्या शेजाऱ्यापेक्षा थोडी वेगळी फेज लावली की लहरीची आघाडी तशीच वळते. आणि डायोड सॉफ्टवेअरनं बदलता येतात म्हणजे तीच लहर आत्ता कपाटाकडे, पुढच्या क्षणी खुर्चीकडे, मग दाराकडे. अशी एकेक दिशा तपासत गेलं आणि प्रत्येक दिशेकडून परतलेल्या सिग्नलवरून अंतर काढलं की खोलीचा नकाशा तयार व्हायला लागतो.

हे काही हवेतलं नाहीये. २०१४ मधे चीनमधल्या नानजिंगच्या साउथईस्ट युनिव्हर्सिटीत त्ये जुन च्वी यांच्या ग्रुपनं ही शून्य-एकची कोडिंगवाली मेटासरफेसची, म्हणजे असल्याच चौकोनांच्या पृष्ठभागाची, कल्पना मांडली, त्याच्या आधी २०१३ मधे एमआयटीत दीना कताबी आणि फादेल अदीब यांनी वायफायच्या सिग्नलनं भिंतीपलीकडचा हलणारा माणूस पकडून दाखवला होता, आता २०२५ मधे वायफायच्या स्टँडर्डमधेच सेन्सिंगची भर पडली, ८०२.११ बीएफ नावानं. आयटीयूनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेनं, २०२३ मधे ६जीची चौकट ठरवली त्यातल्या सहा मुख्य उपयोगांमधे एक आहे कम्युनिकेशन आणि सेन्सिंग एकत्र. आपल्या सरकारचं भारत ६जी व्हिजनही त्याच वर्षी मार्चमधे आलं. म्हणजे ही मुलं नोकरीला लागतील तेव्हा हेच चालू असणार, आणि आपण त्यांना ओल्या मातीत दोन खिळे खुपसून "स्मार्ट इरिगेशन" करायला लावतोय.

आता तुम्ही म्हणाल कॅमेरा एवढा स्वस्त झालाय मग ही उठाठेव कशाला. बरोबर आहे, उजेडात, स्वच्छ हवेत, चांगल्या टेक्सचरच्या वस्तूंवर डेप्थ कॅमेरा आपल्या या बोर्डाला सहज हरवेल आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. पण अंधारात दोन लेन्सवाला स्टिरिओ कॅमेरा बसतो गप्प, काचेच्या दारासमोर लायडारही फसतो, धुरात आणि वाफेत दोघांची पंचाईत. जवळच्या पीथमपूरच्या एखाद्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) जाऊन बघा कॅमेऱ्याच्या काचेची काय अवस्था असते ती. आणि जिथे कॅमेरा लावणंच बरं नाही अशी जागा म्हणजे बाथरूम. इंदूरच्या मराठी घरांमधे किती ठिकाणी आई-बाबा एकटे आणि मुलं पुण्याला, बंगलोरला किंवा अमेरिकेत, हे वेगळं सांगायला नको, आणि माणूस पडतो तो नेमका बाथरूममधे. तिथे जमिनीपासून फूटभर उंचीवर काहीतरी मोठं आडवं पडलंय एवढं कळलं तरी पुरे, चेहरा दिसायची गरजच नाही.

पण मला खरं लिहायचंय ते गणिताबद्दल, कारण या प्रोजेक्टची मजा तिथे आहे. ५.८ गिगाहर्ट्झ घ्या, तरंगलांबी ५.२ सेंटिमीटरच्या जवळपास, चौकोन अर्ध्या तरंगलांबीवर म्हणजे २.६ सेंटिमीटरवर, १६ गुणिले १६ चा बोर्ड केला तर बाजू ४१ सेंटिमीटर. तरंगलांबी भागिले बोर्डाची रुंदी केली की बीम, म्हणजे लहरीचा झोत, साधारण सात अंशांचा निघतो, तीन मीटरवर सव्वा फुटाचा ठिपका. म्हणजे माणूस आणि कपाट वेगळं ओळखता येईल, माणसाचं नाक नाही. हे झालं डावं-उजवं आणि वर-खाली. आता लांब-जवळचं बघा. दोन वस्तू एकामागे एक असतील तर त्या वेगळ्या दिसायला बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा रुंद पट्टा, लागते, आणि त्यांच्यात कमीत कमी किती अंतर हवं ते येतं प्रकाशाचा वेग भागिले (दोन गुणिले बँडविड्थ) एवढं. ५.७२५ ते ५.८७५ हा पट्टा पूर्ण वापरला तरी १५० मेगाहर्ट्झ, उत्तर येतं एक मीटर! एक मीटरच्या आतली खुर्ची आणि तिच्यामागचं टेबल एकच दिसणार. पुन्हा बोर्डाच्या चौकोनांची स्वतःची बँडविड्थ बेताचीच असते, कडेला गेलं की १८० अंशांचा फरक राहत नाही.

इथे विद्यार्थी रडायला येतो आणि इथेच सरांनी गप्प बसायचं. कारण थोडा विचार केला की वाट निघते: दुसरा बोर्ड लावा, काटकोनातल्या शेजारच्या भिंतीवर. पहिल्या बोर्डाचं जे लांब-जवळ आहे तेच दुसऱ्या बोर्डाचं डावं-उजवं आहे, आणि डावं-उजवं तर आपल्याला सव्वा फुटापर्यंत येतंय. एक मीटरचा सव्वा फूट झाला, बँडविड्थ एक हर्ट्झनंही न वाढवता. जो मुलगा हे स्वतः फळ्यावर काढेल त्याला मी एक्स्टर्नल म्हणून डोळे मिटून मार्क देईन, बोर्ड चालला नाही तरी देईन.

४ गिगाहर्ट्झ बँडविड्थ मिळाली तर हेच उत्तर पावणेचार सेंटिमीटर येतं, त्यासाठी ६० गिगाहर्ट्झच्या रडार चिप असतात, पण आपल्याकडे त्या पट्ट्याची परवान्याची भानगड जुनी आहे, गूगलचा पिक्सेल ४ फोन २०१९ मधे भारतात आलाच नाही त्याचं कारण त्यातलं सोली रडार याच पट्ट्यातलं होतं असंच तेव्हा सगळीकडे छापून आलं. म्हणून मी ५.८ वर अडून बसलोय. २०१८ च्या अधिसूचनेनं हा पट्टा ठरलेल्या पॉवरच्या आत विनापरवाना आहे, पार्ट मिळतात, आणि चूक झाली तर मल्टिमीटरनं सापडू शकते.

कामाची सुरुवात डायोडनं करू नका एवढं माझं ऐका. पहिल्या सेमिस्टरला डायोड नसलेला बोर्ड, एफआर-४ वर (पीसीबीचं नेहमीचं मटेरियल) वेगवेगळ्या मापाचे तांब्याचे चौकोन, चौकोनाचं माप बदललं की फेज बदलते, अशी एकच दिशा कायमची कोरलेला. समोरून लहर टाकायची आणि ती ३० अंशांवर निघते की नाही बघायचं. एफआर-४ या फ्रिक्वेन्सीला जरा सिग्नल खातं, लॉस टँजंट ०.०२ च्या घरात, पण शिकायला काही हरकत नाही, महागडं सबस्ट्रेट मागवायच्या नादात सेमिस्टर जातं. हे जमलं की आठ गुणिले आठचा डायोडवाला बोर्ड, ६४ डायोड, चालवायला ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टर (एकेक चिप आठ डायोड सांभाळते) आठ नग, एक मायक्रोकंट्रोलर. हे शिफ्ट रजिस्टर तर मुलांनी एलईडी लुकलुकवायला आधीच वापरलेलं असतं. प्रत्येक डायोडच्या बायस लाइनमधून (डायोड चालू-बंद करणाऱ्या जोडणीतून) आरएफ पळून जाऊ नये म्हणून चोक किंवा रेडियल स्टब लागतो, तो विसरला की सगळे चौकोन एकमेकांना चिकटल्यासारखे वागतात आणि पॅटर्न काही केल्या बदलत नाही, दोन दिवस डोकं धरून बसायची वेळ येते. डायोड उलटासुलटा लागला तर तो चौकोन मेला, म्हणून सोल्डरिंग झाल्यावर प्रत्येकावर मीटर फिरवायचा, कंटाळा आला तरी फिरवायचा. सगळं शून्यापासून करायचं नसेल तर जर्मनीतल्या कोलोनच्या संशोधकांनी ५ गिगाहर्ट्झ वायफायसाठी असा बोर्ड ओपन सोर्स करून ठेवलाय, तो आधी अभ्यासा.

मोजमाप करताना तीन ठिकाणी सगळे आपटतात. पहिलं म्हणजे ट्रान्समीटरमधून रिसीव्हरमधे थेट घुसणारा सिग्नल आणि भिंती-पंख्यांचा कचरा, तो आपल्या बोर्डावरून आलेल्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा असतो, कारण आपली लहर आधी बोर्डापर्यंत जाते, तिथून वस्तूपर्यंत, तिथून रिसीव्हरला, प्रत्येक टप्प्याला मार खात. यावर एक फार सुंदर युक्ती आहे. एक पॅटर्न लावून माप घ्या, मग सगळे बिट उलटे करा, शून्याचा एक आणि एकचा शून्य, पुन्हा माप घ्या आणि दोन्हींची वजाबाकी करा. जी लहर बोर्डावरून गेली तिचं चिन्ह उलटलं म्हणून ती दुप्पट झाली, जी बोर्डाला शिवलीच नाही ती वजा होऊन गेली. पण लहर जाताना आणि येताना दोन्ही वेळा बोर्डावरून जात असेल तर चिन्ह दोनदा उलटतं म्हणजे बदलतच नाही आणि वजाबाकीत आपला सिग्नलसुद्धा गायब, म्हणून रिसीव्हर असा ठेवायचा की परतीची लहर थेट त्याच्याकडे येईल. बोर्डावरून वस्तूला न भेटता सरळ रिसीव्हरला येणारी लहर तरीही उरतेच, तिच्यासाठी रिकाम्या खोलीचं माप आधी घेऊन ठेवायचं आणि तेही वजा करायचं.

दुसरं भूत. अक्षरशः भूत. एक-बिटच्या बोर्डावर लांबून सरळ लहर टाकली तर बीम एक नाही दोन निघतात, एक ३० अंश उजवीकडे आणि तसाच्या तसा डावीकडे, कारण शून्य आणि १८० एवढ्यावर डाव्या-उजव्याचा भेदच करता येत नाही. मग रिकाम्या कोपऱ्यात माणूस दिसतो. हॉर्न अँटेना (कर्ण्याच्या आकाराचा) बोर्डाच्या जवळ आणि जरा बाजूला ठेवला की येणारी लहर गोलाकार असते, प्रत्येक चौकोनाला वेगळी फेज पोचते आणि भूत बऱ्यापैकी पळतं.

तिसरं म्हणजे गुळगुळीतपणा, आणि यावर इलाज थोडाच आहे. पाच सेंटिमीटरच्या लहरीला प्लॅस्टर केलेली भिंत, लोखंडी कपाट, काच सगळं सपाट वाटतं, तरंगलांबीच्या आठव्या भागापेक्षा लहान खडबडीतपणा तिला जाणवतच नाही. त्यामुळे कपाट जरा तिरकं असलं की सगळी लहर भलतीकडे परावर्तित होते, रिसीव्हरला काहीच येत नाही, नकाशात कपाटाच्या जागी भोक. मग विद्यार्थी रात्री बसून ते भोक एआयनं भरून टाकतो आणि स्लाइडवर ९८ टक्के लिहितो. कृपा करून ते भोक तसंच ठेवायला सांगा आणि का पडलं ते लिहायला लावा. मॉडेलनं भरलेली डेप्थ ही मोजलेली डेप्थ नसते. कंपनीत हा फरक न कळणारी पोरं आली की आमचे सहा महिने त्यातच जातात.

आता तुमची नेहमीची कारणं. "इन्स्ट्रुमेंट नाहीये" हे सगळ्यात लाडकं. सर, मी तुमच्या लॅब बघितल्यात. एका ठिकाणी (नाव घेत नाही) व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर (व्हीएनए, आरएफ सिग्नल मोजायचं यंत्र) काचेच्या कपाटात, त्याच्यावर भरतकाम केलेलं कव्हर, कव्हरवर प्लॅस्टिक, आणि कपाटाची चावी एचओडींच्या ड्रॉवरमधे. तपासणीची टीम आली की बाहेर काढतात, फोटो, की परत आत. कॅलिब्रेशन किटची डबी उघडलेलीसुद्धा नाही, सील तसंच आहे! मुलगा कनेक्टर जास्त पिळून खराब करेल ही भीती खरी आहे, करतातच, पण त्यावर टॉर्क पाना असतो आणि लॅब असिस्टंटला अर्धा तास शिकवलं की होतं. आणि ज्यांच्याकडे खरंच नाहीये त्यांच्यासाठी हातात मावणारे छोटे व्हीएनए मिळतात, फक्त घेताना ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो का ते बघा, सगळ्यात स्वस्त असतात ते ५.८ पर्यंत पोचत नाहीत. तेही नको असेल तर दोन वायफाय कार्ड आणि चॅनेल स्टेट इन्फर्मेशन (वाटेत सिग्नल कसा बदलला त्याची माहिती) काढणारं सॉफ्टवेअर, त्यात फेज जरा नाचते पण पहिल्या प्रयोगाला चालतं.

साधनांचं रडगाणं मला यासाठीही पटत नाही की जगदीशचंद्र बोसांनी १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधे मिलिमीटर लहरींचे प्रयोग दाखवले, आणि त्यांनी पोलरायझर (एकाच दिशेनं हलणारी लहर पार सोडणारा) म्हणून काय वापरलं होतं तर ब्रॅडशॉचं रेल्वे टाइमटेबल, पानापानांमधे टिनची फॉइल घातलेलं. पिळलेल्या ज्यूटचे जुडगेसुद्धा वापरले. कलकत्त्याच्या कॉलेजातल्या मास्तरला हे सुचलं, आपल्या शहरात १९५२ पासून इंजिनियरिंग कॉलेज आहे, सिमरोलला आयआयटी आहे, आरआरकॅट ही सरकारी संशोधन संस्था आहे, महाराणी रोडच्या बाजारात तांब्याची पट्टी हवी तेवढी मिळते.

दुसरं कारण म्हणजे "एका वर्षात होणार नाही." नाहीच होणार. म्हणून ते एका ग्रुपचं ठेवू नका, बोर्ड विभागाचा असू द्या, यंदाच्या मुलांनी चौकोन कोरावेत, पुढच्यांनी डायोड लावावेत, त्याच्या पुढच्यांनी दुसरी भिंत. लॅबची एक वही ठेवा, त्यात काय जळलं आणि का जळलं ते हातानं लिहिलेलं. आणि मार्कांची शीट बदला, "वर्किंग मॉडेल" ला एवढे मार्क असतील तर मुलगा विकतच आणणार, त्याचं तरी काय चुकलं.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्या, ती परवानगीची. रेडिओला पडदा दिसत नाही, प्लायवुडचं पार्टिशनही फारसं दिसत नाही. हॉस्टेलच्या खोलीत प्रयोग लावला तर शेजारच्या खोलीतला कधी उठतो, कधी बाहेर जातो हेही नकळत गोळा होऊ शकतं. कॅमेरा निदान दिसतो तरी, हा बोर्ड रंग मारला की भिंतच वाटते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा आहे, ज्या डेटावरून माणूस ओळखू येतो तो वैयक्तिक, मग चेहरा असो नसो. म्हणून प्रयोगात जो कोणी समोर उभा राहील त्याची लेखी संमती, प्रयोग लॅबमधेच, आणि मुलींच्या हॉस्टेलच्या आसपास तर अजिबात नाही. हे प्रोजेक्टच्या फाइलमधे पहिल्या पानावर हवं, शेवटच्या नाही.

माझ्याकडे ५.८ चे दोन हॉर्न अँटेना आहेत, घरीच पत्र्याचे केलेले, दिसायला गबाळे पण मोजून घेतलेले आहेत, ते मी द्यायला तयार आहे. शनिवारी दुपारनंतर लॅबमधे येऊन बसायलाही तयार आहे, मानधन नको, व्हीएनएच्या कपाटाची चावी तेवढी आधी काढून ठेवा. अट एकच. ज्या मुलानं किंवा मुलीनं सोल्डरिंग केलंय तिनंच प्रेझेंटेशन द्यायचं, हिंदीत द्या, मराठीत द्या, मोडक्या इंग्लिशमधे द्या, पण लॅपटॉप धरून उभा राहिलेला ग्रुप लीडर मधे बोलणार नाही.

आपला,
एक आरएफवाला, इंदूर